आळीतलं जपान

आमच्या आळीत कुणी भर दुपारी "जरा जपानला जाऊन येतो" म्हणालं, तर त्याचं कुणाला काही वाटत नसे. आळीच्या टोकाला, रस्ता मांडवीच्या बंदराकडे उतरायला लागतो तिथे, सगळी आळी ज्यांना काका म्हणायची त्यांचं चिऱ्यांचं घर होतं. १९९८ साली त्या घराच्या ओटीवर नऊ माणसं बसतील एवढी लांब फणसाची फळी बसवून काकांनी जपानी जेवणाची खानावळ काढली. नावाची पाटी लावली नाही. नाव विचारलं तर म्हणायचे, नाव ठेवायला ते काय पोर आहे? मग लोकांनीच नाव ठेवलं.

काका तीस वर्षं जहाजावर होते. त्यातली शेवटची अठरा वर्षं एका जपानी कंपनीच्या मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली. तिथे एका म्हाताऱ्या जपानी उस्तादाच्या हाताखाली ते सगळं शिकले. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा काकी हयात नव्हत्या, मुलगा वाशीला नोकरीत होता. आता हा माणूस चार कलमं लावील आणि संध्याकाळी पत्ते कुटील, असा आळीचा अंदाज होता. काकांनी सहा महिन्यांत सुतार बोलावला.

मी शेजारच्या घरात आईबरोबर राहायचे. आम्ही मूळचे हेदवीचे. आमच्याकडे मासा तर सोडाच, चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे. मी एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात क्लार्क होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि आळीत फटकळ म्हणून माझी ख्याती होती. काकांची खानावळ सुरू झाली आणि निखाऱ्यावर भाजणाऱ्या बांगड्याचा धूर थेट आमच्या मागील दारी यायला लागला. चौथ्या दिवशी मी भांडायला गेले.

काकांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर फळीकडे बोट करून म्हणाले, "बस." मी का बसले ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी माझ्यापुढे एक वाटी ठेवली. तीत पांढराशुभ्र, खरवसासारखा एक तुकडा होता, वर किसलेलं आलं. म्हणाले, ह्यात मासा नाही, सोयाबीनचं दूध आहे, आधी खा आणि मग हवं तेवढं भांड.

मी खाल्लं. दूध कशानं विरजलं, असं विचारल्यावर त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. छपराच्या वाशाला जाड्या मिठाचं पोतं टांगलेलं होतं. दमट हवेत मीठ पाझरतं, ते कडू पाणी खालच्या काचेच्या बरणीत थेंब थेंब पडत होतं. त्या पाण्याच्या चमच्या-दोन चमच्यांत दूध धरतं. आमच्या घरी दर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं आणि आई ते फेकून द्यायची. ह्या माणसानं त्याचं काहीतरी केलं होतं. मी घरी आले तेव्हा आईनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, धुराचं बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शेगडी मात्र घराच्या दुसऱ्या अंगाला गेली होती. आणि मी दर शनिवारी अर्ध्या दिवसाचा कारखाना सुटला की जपानला जायला लागले.

काकांच्या तऱ्हा फार. खानावळ अकरा ते दोन. पहाटे उठून भरती-ओहोटीच्या वेळा स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहायच्या आणि बंदरावर जायचं. मासा मनासारखा मिळाला नाही तर दारातल्या पाटीवर लिहायचं, "आज मासा बरा नाही. भात आणि सूप मिळेल." काय खायचं ते गिऱ्हाइकानं सांगायचं नाही. ते तुमच्या तोंडाकडे बघायचे आणि वाढायचे. चपला बाहेर, बोलणं हळू, आणि जेवण होईपर्यंत प्रश्न नाहीत. पिठात बुडवून तळलेल्या कोलंबीला एकदा कुणी भजी म्हणालं, तर त्यांनी त्या माणसाला नाक्यावरच्या टपरीचा पत्ता सांगितला.

एकदा एक मोठे वकील आले. मानी माणूस. बरोबर दोन पाहुणे होते. काकांनी निखाऱ्यावरचा सरंगा वाढला आणि वकिलांनी चव घ्यायच्या आधीच लिंबू मागितलं. काकांनी ताट उचललं आणि आत नेलं. वकील उठले, काय समजतोस स्वतःला, असं म्हणाले. काका म्हणाले, "चाखून मागितलं असतंत तर बागेतलं लिंबाचं झाड आणून दिलं असतं." वकील पाहुण्यांना घेऊन निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते एकटे आले, फळीच्या कडेला बसले, मुकाट जेवले आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा येत राहिले. लिंबाचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही.

पुण्याहून आलेला एक जण त्यांना म्हणाला होता की हे काही खरं जपानी नव्हे, लोणच्यात करवंदं कुठं असतात? काका जपानी आंबट फळाऐवजी आपली करवंदं मिठात घालून दाबून ठेवायचे. काकांनी त्याला शांतपणे सांगितलं की त्यांचा उस्ताद प्रत्येक बंदरात उतरून तिथलं आंबट फळ शोधायचा, कारण जहाजावर सहा महिन्यांत बरण्या रिकाम्या व्हायच्या. भातसुद्धा काकांच्या गावचा, मंडणगडाकडचा, जाडा आणि शिजल्यावर जरा चिकटणारा. फक्त कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या माशाचे पातळ काप तेवढे बाहेरून यायचे. जुने खलाशी जहाजावरून उतरले की पिशवी घेऊन यायचे आणि जेवून जायचे. मिसो, म्हणजे सोयाबीन आणि तांदूळ आंबवून केलेला लगदा, ते घरीच करायचे. माझ्यासाठी नुसत्या कोंबूच्या पाण्यातलं मिसोचं सूप वेगळ्या भांड्यात असायचं. त्या भांड्याच्या कानाला त्यांनी पांढरा दोरा बांधला होता. मी सांगितलं नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात काकांना ताप आला. पंधरा दिवस ते पडून होते. आई त्यांना पेज पाठवायची. ताप उतरला, काका उठले, फळी पुसली आणि खानावळ पुन्हा सुरू केली. सगळ्यांना बरं वाटलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी गेले तर भाताला करपट वास येत होता. थोडाथोडका नाही, दारातच जाणवत होता. फळीवर सात-आठ माणसं बसली होती. वकीलही होते. सगळे खाली मान घालून जेवत होते. ज्या माणसासमोर लिंबू मागायची चोरी, त्याला भात करपलाय हे कोण सांगणार? जेवून सगळे गेले. मी बसून राहिले आणि काकांना म्हटलं, "काका, भात लागलाय."

ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, वास घ्या. त्यांनी भांडं उचललं, तोंड आत घातलं, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग भांडं खाली ठेवून हात पुसले. तापानं त्यांचं नाक नेलं होतं. वास येत नव्हता, आणि वासाबरोबर चवही गेली होती. खारट, आंबट, गोड तेवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं सारखंच. डॉक्टरांनी येईल म्हणून सांगितलं होतं, कधी येईल ते सांगितलं नव्हतं. तोवर गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून ते अंदाज बांधत होते. आणि आळीतली भली माणसं त्यांना वाईट वाटू नये म्हणून तोंड सरळ ठेवून जेवत होती.

"रोज कारखान्यात जायच्या आधी इकडनं जाशील?" त्यांनी विचारलं. काकांनी कुणाला काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी रोज सकाळी जायला लागले. भाताचा वास घ्यायचा, मिसोच्या बरण्या उघडून बघायच्या, कोंबूचं पाणी चाखायचं. पण माशाच्या सुपाचं काय? आधी मी नुसता वास घेऊन सांगायचे. काही दिवसांनी मलाच कळलं की ते पुरेसं नाही. एकदा वासावरून मी चांगलं म्हटलं आणि गिऱ्हाइकांनी वाट्या अर्ध्या सोडल्या. मी ते चाखून बघावं, असं काकांनी कधीच मागितलं नसतं.

मी आठवडाभर विचार केला आणि आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "जीभ तुझी आहे, मला विचारू नकोस. घरात आलीस की चूळ भरून ये." दुसऱ्या दिवशी मी दोरा नसलेल्या भांड्यातलं सूप चमचाभर घेतलं. चाळिसाव्या वर्षी. थुंकलं नाही, गिळलं. काका पाठ फिरवून उभे होते. मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, पण मासा फार वेळ पाण्यात राहिलाय, मागून कडवट लागतं. ते म्हणाले, बरं. आणि नवीन पाणी ठेवलं.

वर्षभर असं चाललं. काकांचं नाक काही परत आलं नाही. बंदरावर ते कल्ले उघडून, डोळे बघून, बोटानं दाबून मासा घ्यायचे, पण एकदा सुरमईच्या बाबतीत फसले. मी सकाळी ती बाजूला काढली म्हणून निभावलं. त्या दिवशी त्यांनी पाटीवर भात आणि सूप लिहिलं आणि संध्याकाळी मुलाला फोन केला.

मुलानं वाशीहून खानावळ विकत घेणारं गिऱ्हाईक बघून दिलं. हातखंब्याला हायवेवर मोठं हॉटेल चालवणारे एक गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, बोलायला गोड होता. त्यांना जागा हवी होती, आणि लोकांच्या तोंडी बसलेलं नावही. मागचं अंगण घेऊन टेबलं वाढवायची, जपानीबरोबर चायनीज ठेवायचं, बाहेर दिव्यांची पाटी लावायची, असा त्यांचा बेत होता. ते जेवायला बसले तेव्हा मी आतच होते. काकांनी त्यांना वाढलं आणि समोर उभे राहिले. गृहस्थ मोबाईलवर बोलत जेवले. मांदेलीच्या गाडीबद्दल बोलत होते. जेवण झाल्यावर म्हणाले, फर्स्ट क्लास. काकांनी विचारलं, काय फर्स्ट क्लास? त्यांना पानातला एकही जिन्नस आठवेना.

ते गेल्यावर काका फळीवर टेकले. विकून टाका हे मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, वय झालं होतं, नाक गेलं होतं. मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, "मला द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला मासा कापता येतो?"

"नाही."

"खाता येतो?"

"नाही."

"मग तुला काय देऊ? ही फळी?"

मी म्हटलं, "मला वास येतो, काका."

हे मी बोलायला नको होतं, असं मला त्याच क्षणी वाटलं. पण काकांचा चेहरा बदलला नाही. ते म्हणाले, उद्या सहाला ये. उशीर केलास तर येऊ नकोस.

कारखान्याचा हंगाम नुकताच संपला होता. मी बिनपगारी रजा टाकली. पहिले तीन आठवडे नुसता भात. तांदूळ धुवायचे, निथळत ठेवायचे, शिजवायचे, लाकडी परातीत उपसून व्हिनेगर घालून पंख्यानं वारा घालायचा. उकडीच्या मोदकांसाठी आईच्या हाताखाली दहा वर्षं पिठी मळलेली होती, म्हणून मला वाटलं होतं आपल्याला येईल. काका शितं बोटांत दाबून बघायचे आणि "परत" म्हणायचे. चव कळत नव्हती, पण बोटं शाबूत होती. नापास झालेला भात बंदरावरच्या मासेवाल्या बायकांना जायचा. त्या मला बघितलं की हसायच्या. एकविसाव्या दिवशी काकांनी शितं दाबली आणि "परत" न म्हणता पुढ्यात बांगडा ठेवला.

तो मी कापलेला पहिला बांगडा. पोटात सुरी घातली आणि आतलं बाहेर आलं तशी मी धावत मागील दारी गेले आणि ओकले. तोंड धुऊन आत आले. बांगडा तसाच होता. काका म्हणाले, घरी जा आज. मी म्हटलं, अर्धा राहिलाय. तो पुरा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओकले. तिसऱ्या दिवशी नाही. आईनं माझ्या हाताला वास येतो म्हणून न्हाणीघरात चिंच ठेवायला सुरुवात केली. एवढंच. ती त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि चिंच कधी संपू दिली नाही.

मुलगा दसऱ्याला आला आणि बापावर चिडला. बाबांचं डोकं फिरलंय, भाजी खाणाऱ्या बाईला मासळीचं दुकान देतायत, असं तो आमच्या अंगणात ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. काकांनी त्याला सांगितलं की घर माझ्यामागे तुझंच आहे, ओटी ह्या बाईकडे भाड्यानं राहील, पण ही फळी कुणाला द्यायची ते मी ठरवणार. मुलगा म्हणाला, एकदा तिला एकटीला चालवून दाखवू दे.

ती परीक्षा दुसऱ्याच दिवशी झाली. काकांनी सकाळी अंघोळ करून स्वच्छ शर्ट घातला आणि अकरा वाजता बाहेरून, चपला काढून, गिऱ्हाइकासारखे आत आले. सात वर्षांत ते फळीच्या त्या बाजूला कधी बसले नव्हते. कडेची जागा घेतली, म्हणजे तिथून सगळी तोंडं दिसतात. त्यांच्या शेजारी मुलगा. पुढे वकील, दोन मास्तर, बँकेतले तिघे, बंदरावरची एक मासेवाली, असे नऊ भरले. मी आत एकटी.

भात, सूप, निखाऱ्यावरचा बांगडा, करवंदं. ह्याहून जास्त काही केलं नाही. सुपाची चव घेतली, दोन थेंब पाणी वाढवलं. वाढून झाल्यावर माझं काही काम उरलं नाही तेव्हा भीती वाटली. मी काकांकडे बघितलं. ते जेवतच नव्हते. हात मांडीवर ठेवून ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मासेवालीनं वाटी उचलून उरलेलं सूप तोंडाला लावलं. वकिलांनी भात मागून घेतला. सगळ्यात शेवटी काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा बांगड्याचा काटा चोखत होता. बाप बघतोय हे लक्षात आल्यावर त्यानं काटा ताटात ठेवला आणि म्हणाला, "आईच्या वेळचा भात असाच असायचा." काका मग जेवायला लागले. आपलं ताट त्यांनी स्वतः आत आणून धुतलं आणि माझ्या हातात कोंबूच्या डब्याची किल्ली दिली.

दोन दिवसांनी ते गावी गेले. मंडणगडाच्या पुढे, खाडीकाठी त्यांच्या भावाचं घर होतं. मी म्हटलं, काका, इथंच राहा, घर तुमचंच आहे. ते म्हणाले, मी इथं राहिलो तर रोज आत येईन, आणि मी आत आलो तर तू माझ्याकडे बघून शिजवशील. ट्रंक घेऊन गाडीत बसले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

मी कारखान्याचा राजीनामा दिला. पहिल्या महिन्यात निम्मी जागा रिकामी असायची. लोक दारातून डोकावायचे, काका नाहीत म्हटल्यावर परत जायचे. वकील मात्र रोज आले. मी करवंदं घालत राहिले, पाटी लिहीत राहिले, आणि होळीपर्यंत फळी पुन्हा भरायला लागली.

तेव्हा एका बुधवारी मी सुपाचा डबा घेऊन मंडणगडची गाडी धरली. काका पडवीत जाळं विणत बसले होते. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "आज बुधवार. दुकान बंद ठेवून आलात?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला दाखवायचं होतं. ते म्हणाले, मालकानं असं करू नये, यायचं तर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी यावं. डबा घेतला नाही. दोनची गाडी आहे म्हणाले. मी त्याच गाडीनं परत आले. रडू येत होतं, पण राग नव्हता.

त्यानंतर मी सोमवारी जायला लागले, दोन-तीन महिन्यांतून एकदा. काका अजून चार वर्षं होते. मी डबा उघडून शेगडीवर गरम करायचे. ते वाटी हातात घ्यायचे, पण लगेच तोंडाला लावायचे नाहीत. माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांगा."

मग मी सांगायचे. आज कोंबू नवा आहे, खाऱ्या वाऱ्यासारखा वास आहे. मिसो आठ महिन्यांचा आहे, जरा गोडसर. खाली शिंपल्यांतल्या तिसऱ्या आहेत, सकाळच्या ओहोटीच्या, त्यांचं पाणी तसंच ठेवलंय. वर आलं किसलंय, ते आधी नाकात जातं आणि मग जिभेवर येतं. मी सांगत जायचे आणि काका डोळे मिटून एकेक घोट घेत जायचे.